हेडसेट थांबू द्या, आधी बूट घ्या

पत्र: आम्ही ऐरोलीत राहतो. मुलीचं कमर्शियल पायलट लायसन्स झालं आणि एका विमान कंपनीत ट्रेनी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे शिकाऊ सहवैमानिक, म्हणून तिची निवड झाली. एअरबस ए३२०वर जाणार आहे. पुढच्या महिन्यात जॉइनिंग. तिनं हेडसेट, दोन बॅगा, घड्याळ, गॉगल, आयपॅड अशी यादी केली आहे आणि बेरीज अडीच लाखांच्या पुढे जाते. अमेरिकेतला तिचा मामा हेडसेट मी पाठवतो म्हणतोय. शिक्षणकर्जाचे हप्ते अजून सुरू व्हायचेत. तिला नाही म्हणणं जिवावर येतं. यातलं खरंच काय लागतं? – एक वडील

उत्तर:

सप्रेम नमस्कार. लेकीचं मनापासून अभिनंदन. लायसन्स हातात घेऊन निवडीची वाट बघत बसलेली कितीतरी मुलं माझ्याकडे येतात, त्यामुळे ही बातमी किती मोठी आहे ते मला कळतं.

तिची यादी वाचली. यादी चुकीची नाही, फक्त काही महिने आधी केलेली आहे. जॉइन झाल्यावर ती लगेच विमानात बसणार नाही. आधी वर्गातले तास, मग टाइप रेटिंगसाठी, म्हणजे त्या जातीचं विमान उडवण्याच्या परवानगीसाठी, सिम्युलेटर (हुबेहूब नकली कॉकपिट), त्यानंतर ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवाशांच्या खऱ्या उड्डाणांवरचं शिक्षण. या पहिल्या टप्प्यात फ्लाइट बॅग (कॉकपिटमध्ये न्यायची बॅग) आणि हेडसेट कपाटात पडून राहतात. तेव्हा लागतात चार फॉर्मल शर्ट, एक फाइल आणि स्वेटर. स्वेटर मुद्दाम सांगतो. सिम्युलेटरची खोली यंत्रांसाठी थंडगार ठेवलेली असते, एक सेशन साधारण चार तासांचं असतं आणि स्लॉट मध्यरात्रीचाही मिळतो. शिवाय हे ट्रेनिंग दिल्ली-गुरुग्राम, बेंगळुरू किंवा हैदराबाद असं कुठेही असू शकतं.

म्हणून खरेदीआधी एक ईमेल पाठवायला सांगा. कंपनी गणवेशात काय काय देते? ट्रॉली आणि फ्लाइट बॅग देते का? नसेल देत तर रंग, माप, पाठीवरची सॅक याबद्दल काही नियम आहे का? टॅबलेट कोण देतं? स्वतःचा हेडसेट चालतो का, आणि कुठल्या मॉडेलला मान्यता आहे? उत्तर आलं की अर्धी यादी आपोआप गळेल. गणवेश बहुतेक कंपन्या देतात, काही बॅगही देतात. नकाशे आणि मॅन्युअल आता टॅबलेटवर असतात आणि तो बहुतेक ठिकाणी कंपनीचाच असतो, कंपनीला हवं तेच सॉफ्टवेअर घातलेला. आयपॅड तूर्त खोडा.

आता मामाचा हेडसेट. भावना मोलाची आहे, पण घाईनं घेतला तर पैसे वाया जाण्याचा सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. फ्लाइंग स्कूलच्या छोट्या सेसना विमानामध्ये हेडसेटला दोन वेगवेगळ्या पिना असतात. ए३२०मध्ये पाच पिनांचा एकच गोल प्लग लागतो, त्याला एक्सएलआर म्हणतात. एकच मॉडेल दोन्ही प्रकारांत विकलं जातं आणि दुकानातल्या डब्यावरून फरक चटकन लक्षात येत नाही. मामानं प्रेमानं लाखाचा हेडसेट पाठवला आणि तो विमानाला बसलाच नाही, तर परत अमेरिकेला कोण पाठवणार? शिवाय ए३२०च्या कॉकपिटमध्ये कंपनीचा हेडसेट असतोच. तो जड असेल, दहा जणांच्या कानाला लागलेला असेल, पण चालतो. सुरुवातीला कानाच्या गाद्यांवरची कापडी कव्हरं आणि माइकचा स्पंज स्वतःचा ठेवला की स्वच्छतेचा प्रश्न सुटतो. लाइनवर महिना-दोन महिने काढल्यावर तिला कळेल की कान दुखतात का, डोकं धरतं का. तेव्हा मामाला मॉडेलचं नाव आणि प्लगचा प्रकार लिहून पाठवा.

पैसे खर्च करायचेच असतील तर पायांवर करा. साधे काळे लेदरचे, रबरी सोलचे, नक्षी-बक्कल नसलेले बूट. उड्डाणापूर्वी पायलट विमानाभोवती फेरी मारून तपासणी करतो, ती ओल्या डांबरावर, पावसात, जुलै महिन्यातसुद्धा. गुळगुळीत सोल तिथे घसरतो. बुटाच्या तळव्यात लोखंडी पट्टी असेल तर सिक्युरिटीला रोज शिट्टी वाजेल आणि रोज बूट काढावे लागतील. बूट ऑनलाइन मागवू नका. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, वाशीला सेक्टर १७मध्ये किंवा ठाण्याला गोखले रोडवर जाऊन घालून बघा.

दुसरा खर्च डोळ्यांवर. तिला चष्मा असेल तर जास्तीचा चष्मा ड्यूटीवर जवळ ठेवावाच लागतो. ती मेडिकलची अट असते, हौस नव्हे. आणि काड्या पातळ घ्या. जाड काडीमुळे हेडसेटची गादी कानाला नीट टेकत नाही, आवाज आत येतो आणि दोन तासांनी कानशिलं ठणकायला लागतात. गॉगलचंही तसंच. तिच्या यादीत पोलराइज्ड लिहिलंय, तो नको. पोलराइज्ड काचेतून कॉकपिटचे स्क्रीन काही कोनांतून काळवंडतात आणि पुढच्या काचेत रंगांचे पट्टे दिसू शकतात. साध्या करड्या रंगाच्या, पोलराइज्ड नसलेल्या काचा घ्या. ब्रँड कुठलाही चालेल.

घड्याळाबाबत मी जरा कठोर बोलणार आहे. पायलटचं म्हणून विकलं जाणारं ते लाखभराचं घड्याळ दागिना आहे, कामाची वस्तू नाही. कामाला लागतं यूटीसी, म्हणजे जगभरच्या विमानांची सामाईक वेळ, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. आपल्याकडे १५ तारखेची मध्यरात्र उलटून साडेबारा वाजलेले असतात, तेव्हा यूटीसीत १४ तारखेचे संध्याकाळचे सातच झालेले असतात. दोन वेळा दाखवणारं साधं कॅसिओ दोन-चार हजारांत येतं, तेवढं पुरे.

आता यादीतल्या दोन बॅगा. आधी ट्रॉली. कंपनीची मिळणार नसेल तर दोन चाकांची घ्या. दुकानदार चार चाकांची दाखवेल, फरशीवर ती बोटानं ढकलून दाखवेल आणि छान वाटेल. पण तुमच्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर, ऐरोली स्टेशनच्या जिन्यात आणि विमानतळाच्या डांबरावर चार चाकांची मजा टिकत नाही. बाहेर आलेली बारीक चाकं आधी निखळतात, आणि क्रूच्या बसनं वळण घेतलं की बॅग एकटीच फिरायला निघते. दोन चाकं मोठी असतात, अर्धी आत बसवलेली असतात. गंमत म्हणजे, चाकं आणि सरकता दांडा असलेली ही उभी बॅग १९८७मध्ये रॉबर्ट प्लाथ या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या पायलटनंच तयार केली, आणि सुरुवातीला ती विमानातल्या सहकाऱ्यांनाच विकली. प्रवाशांनी ती नंतर उचलली.

दुकानात चाकं स्क्रूनं लावलेली आहेत की रिबिटनं, ते बघा. स्क्रूची असतील तर बदलता येतात. बॅगेत पाच-सहा किलो वजन घालून दुकानाबाहेर खडबडीत फूटपाथवर ओढून बघायला लेकीलाच सांगा, तुम्ही ओढू नका. दांड्याची उंची तिच्या हाताला बसली पाहिजे. माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर ठेवा. आपल्या कंपन्यांची केबिनची नेहमीची मर्यादा तीच आहे, आणि ट्रेनिंगच्या काळात ती प्रवासी म्हणूनच ये-जा करणार आहे.

फ्लाइट बॅग छोटी, उभी, अरुंद हवी. ए३२०मध्ये ती सीटच्या बाहेरच्या बाजूला, खिडकीखालच्या जागेत उभी राहते. जुन्या पायलटांच्या चौकोनी पेट्या बघून तिनं मोठी निवडली असेल, पण त्या पेट्या कागदांसाठी होत्या. २०१३मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं कॉकपिटमधले कागद टॅबलेटवर नेले, तेव्हा प्रत्येक पायलटच्या बॅगेतले सुमारे १६ किलो कमी झाले. आता आत जायचं ते एवढंच: लायसन्स, मेडिकल, ओळखपत्रं, जास्तीचा चष्मा, चांगला टॉर्च, चमकणारं जॅकेट, पेनं, डबा आणि घट्ट झाकणाची बाटली. झाकणावर मी अडून बसेन. दोन सीटच्या मधल्या पॅनेलवर चहा सांडल्यामुळे ए३५०सारख्या विमानातही इंजिन बंद पडलं आहे, आणि २०२०मध्ये युरोपच्या नियामकाला त्यावर आदेश काढावा लागला. खिशातला चाकू-कात्रीवाला मल्टिटूल यादीतून काढा, क्रूचीही सिक्युरिटी तपासणी होते.

पॉवर बँक २०,००० एमएएचची ठेवली तर ती ७४ वॉट-अवर भरते, विमानात नेण्याच्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत बसते. मात्र लेकीला प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी पाठवलं आणि ट्रॉली लगेजमध्ये द्यावी लागली, तर पॉवर बँक आधी काढून हातात घ्यायची.

यादीत जे नव्हतंच ते आता सांगतो, आणि हे आईलाही वाचून दाखवा. प्रसाधनाच्या पाऊचमध्ये अल्कोहोल असलेला माउथवॉश नको, तसली टूथ जेल नको. डीजीसीएनं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकानं, २०२३मध्ये नियम सुधारताना याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. उड्डाणापूर्वी श्वासाची तपासणी होते आणि पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं तरी लायसन्स तीन महिने निलंबित होतं. आपल्या घरांत प्रवासाला निघताना खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब पिशवीत कोंबायची पद्धत आहे. त्यातल्या कित्येकांत अल्कोहोल असतं. कुठलंही औषध कंपनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बॅगेत जाऊ देऊ नका. सुकी चटणी आणि दशम्या खुशाल द्या.

बेस, म्हणजे कामाचं ठरलेलं शहर, कुठला मिळेल तेही अजून ठरायचं आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५पासून विमानं सुटू लागली, त्यामुळे ते उलव्यात, तुमच्या जवळ म्हणून तुम्हाला आशा वाटणं साहजिक आहे, पण बेस कंपनी देते. दुसरं शहर मिळालं तर घरभाडं, डिपॉझिट, गादी, शेगडी हा खर्च एकदम अंगावर येईल. अडीच लाखांतले आत्ता पंचवीस-तीस हजार बाहेर काढा, बाकीचे त्यासाठी राखून ठेवा. हा आकडा तिला कागदावर मांडून दाखवा. नाही म्हणायची वेळच येणार नाही, तीच म्हणेल की थांबू.

शेवटचं, बारीकसं. क्रूच्या बसमध्ये सगळ्या बॅगा काळ्या आणि एकसारख्या असतात, अदलाबदल होते. कंपनीची हरकत नसेल तर दांड्याला रंगीत गोंडा बांधा, आणि टॅगवर घरचा पत्ता न लिहिता फक्त नाव आणि मोबाइल नंबर लिहा.