बेळगावच्या उद्यमबागमधल्या आमच्या वर्कशॉपला परदेशातून विमानाच्या सुट्या भागांची ऑर्डर आली आहे. नुसत्या आयईसीवर (आयात-निर्यात कोडवर) माल पाठवता येईल का?

भाग ‘स्कोमेट’ यादीत (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या लष्करी व दुहेरी वापराच्या वस्तूंची सरकारी यादी) बसत असेल तर नाही, आधी वेगळा परवाना घ्यावाच लागतो. मी निर्यातीची कागदपत्रं करतो. बहुतेकांची गफलत एचएस कोडवर (कस्टम्सच्या वस्तू-वर्गीकरण क्रमांकावर) विसंबल्याने होते. यादी तांत्रिक वर्णनावर चालते: धातू कुठला, भाग खास लष्करी विमानासाठी बनवलाय की प्रवासी. म्हणून ग्राहकाचं ड्रॉइंग शेजारी ठेवून ती ओळीओळीने तपासा. लष्करी भाग (प्रवर्ग ६) असेल तर अर्ज संरक्षण उत्पादन विभागाकडे, बाकी बहुतेक डीजीएफटीकडे (परकीय व्यापार महासंचालनालयाकडे). अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र आधीच मागवून ठेवा. आणि यादीतल्या वस्तूचं तांत्रिक ड्रॉइंग ईमेलने परदेशी धाडलंत तरी ती निर्यातच, हे डिझाइनवाल्या पोरांना आजच सांगा. विनापरवाना माल गेला तर कस्टम्स किंवा डीआरआयची (महसूल गुप्तचर संचालनालयाची) चौकशी लागते. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली दंड होतो, आयईसी रद्द होऊ शकतो, आणि सामूहिक संहाराच्या शस्त्रांसंबंधीच्या २००५ च्या कायद्यात तुरुंगवासही आहे. मात्र माल हत्तरगीच्या एसईझेडमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) कंपनीलाच देणार असाल तर हा परवाना लागत नाही. माल दिल्यापासून आठवड्याच्या आत तिथल्या विकास आयुक्तांना ठरलेल्या नमुन्यात कळवावं लागतं.