कायदा कडक केला तर निर्दोष माणसाला भीती कशाची?

तुमचा प्रश्न असा आहे की, ड्रग्जच्या गुन्ह्यांत जामीन पूर्ण बंद केला, शिक्षा आणखी वाढवली तर बिघडलं कुठे? ज्याने काही केलंच नाही त्याने का घाबरावं?

मी एका कॅन्सर रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. सांगते, सर्वांत आधी तोच घाबरतो, म्हणजे मॉर्फीनसारखं तीव्र वेदनांवरचं औषध कायदेशीरपणे ठेवणारा औषधवाला. कारण त्याचं नाव, पत्ता, परवाना, सही सगळं सरकारदरबारी असतं. गर्द विकणारा कुठे परवाना काढायला जातो?

आपला अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा 1985 चा. मूळ कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना कमीत कमी 10 वर्षं सक्तमजुरी होती. 1989 मध्ये जामीन अवघड केला आणि काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास फाशी सक्तीची केली (ती सक्ती 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काढली). म्हणजे तुम्ही म्हणता तो कडकपणा आपण करून बघितला आहे.

मॉर्फीन अफूपासून बनतं, म्हणून तेही याच कायद्यात आलं. जवळ ठेवायचा परवाना वेगळा, वाहतुकीचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून आणायचा वेगळा. उत्पादन शुल्क खातं एकीकडे, औषध प्रशासन दुसरीकडे. सगळे परवाने एकाच वेळी चालू असावे लागायचे. शेवटचा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. नोंदवहीतली चूकसुद्धा तुरुंगात नेईल या धास्तीने रुग्णालयांनी आणि मेडिकलवाल्यांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. 1985 नंतरच्या बारा-तेरा वर्षांत देशातला त्याचा औषधी वापर 90 टक्क्यांहून जास्त घसरला. आणि अफू कुठे पिकते? मंदसौर, नीमच, चित्तोडगडला, सरकारी परवान्याने! नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत, माल परदेशी जातो.

याचा अर्थ घरात काय होतो ते सांगते. एका पेशंटचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. आडवं झालं की कळ यायची, म्हणून ते रात्र रात्र भिंतीला टेकून बसायचे. मुलगा गावातली सगळी मेडिकल फिरला. एका ठिकाणी त्याला ऐकवलं, "ते गर्दुल्ल्यांचं औषध, आम्ही ठेवत नाही." आमच्याकडे आल्यावर 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू झाल्या. दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता, सोबत पोट साफ होण्याचं औषध. काही दिवसांत ते आडवे होऊन झोपू लागले. त्याआधीचे महिने त्यांनी विनाकारण सोसले, आणि याचा मला आजही संताप येतो.

डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा 2014 मध्ये कायदा बदलला. आता मॉर्फीनसह सहा औषधांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मंजुरी पुरते. पण तीस वर्षांत मुरलेली भीती राजपत्रातल्या एका अधिसूचनेने जात नाही. मधल्या काळात शिकलेल्या कित्येक डॉक्टरांनी मॉर्फीन कधी लिहूनच दिलेलं नाही.

गर्द विकणाऱ्याला सोडा असं मी म्हणत नाही. पण शिक्षेचा आकडा वाढवण्याआधी त्या कलमाखाली औषधवाले आणि पेशंट येतात का, हे बघायलाच हवं.

तुमच्या घरी कोणाला अशा वेदना असतील तर गल्लीतल्या मेडिकलच्या नकारावर थांबू नका. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार) विभाग कुठे आहे ते विचारा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये तो आहे. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या.