नोकरी गेल्यावर माणूस खचतो तो पैशामुळे की काम गेल्यामुळे?

तुम्ही विचारलंय की बेरोजगारी आणि आयुष्यातलं समाधान यावर अर्थशास्त्रज्ञांनी काही अभ्यास केलाय का, आणि कंपनीने दिलेल्या पैशांत वर्ष निघत असेल तर ते वर्ष सुट्टी समजून का घालवू नये. दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. जवळजवळ याच शब्दांत माझ्या सख्ख्या भावाने मला फोनवर ऐकवलं होतं.

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नऊ वर्षं होतो. कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला. इथे नोकरी गेली की मूलबाळ असलेल्याला निव्वळ पगाराच्या ६७ टक्के बेरोजगारी भत्ता मिळतो, माझ्या वयाला वर्षभर. आरोग्यविमा चालू राहतो. बायकोची नोकरी होती. घराचा हप्ता एकदाही चुकला नाही. दिवाळीला आटपाडीहून दादाचा फोन आला. त्या वर्षी त्याच्या डाळिंबावर तेल्या रोग पडला होता. म्हणाला, "सरकार घरबसल्या पगार देतंय, तुला रे कसलं दुःख? सुट्टी समज की." मी काही बोलायच्या आत, "फवारणीची माणसं आलीत, ठेवतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, आणि ते बऱ्याच वर्षांपूर्वी छापून आलेलं आहे.

अँड्र्यू क्लार्क आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ साली ब्रिटनमधल्या हजारो घरांच्या पाहणीतून दाखवलं की बेरोजगारी माणसाच्या मनःस्थितीला घटस्फोटापेक्षाही जास्त खाली ओढते. यावर लगेच कोणीही म्हणेल की मुळात उदास असलेल्यांच्याच नोकऱ्या जात असतील. म्हणून लिलियाना आणि रायनर विंकेलमान यांचा १९९८ चा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जर्मनीत १९८४ पासून त्याच त्याच माणसांना दरवर्षी विचारतात, एकंदरीत आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, शून्य ते दहात सांगा. त्यामुळे एकाच माणसाचा नोकरी असतानाचा आकडा आणि गेल्यानंतरचा आकडा शेजारी ठेवता येतो. विंकेलमान यांनी तो ठेवला. उत्पन्न घटल्यामुळे समाधान जेवढं कमी झालं तो भाग लहान निघाला, काम गेल्याचा कितीतरी मोठा.

माझे ते दिवस कसे जायचे ते सांगतो, कारण आकड्यांत ते दिसत नाही. सकाळी आठला लॅपटॉपची बॅग घेऊन मी निघायचो, खालच्या मजल्यावरच्यांना मी घरी दिसू नये म्हणून. श्टुटगार्टचं मोठं ग्रंथालय आतून पांढरंशुभ्र आहे, तिथे जाऊन बसायचो. नोकरीत असताना वाचायच्या पुस्तकांची यादी केली होती. वर्षभरात त्यातलं एकही पुस्तक घरी आणलं नाही. पुढे मारिएनटालबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. व्हिएन्नाजवळच्या या गावातली कापडगिरणी मंदीत बंद पडली, आणि मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांनी गावाचा अभ्यास केला, तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. गावातल्या वाचनालयाने वर्गणी माफ केली होती, लोकांकडे वेळच वेळ होता, आणि तरी पुस्तकं नेणं घटलं. रस्त्याने जाणारे पुरुष हळू चालायचे आणि सारखे थांबायचे. तो वेग मला माहीत आहे.

सगळ्यात अवघड दिवस गणपतीचा. सभागृहात दीडशे मराठी माणसं, बहुतेक इंजिनिअर, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "सध्या कुठे?" मी सरळ मसालेभाताच्या पातेल्यामागे जाऊन उभा राहिलो आणि तीन तास वाढत होतो. वाढणाऱ्याला कोणी नोकरी विचारत नाही. रात्री बायको म्हणाली, किती महिन्यांनी तुझा चेहरा असा खुललेला दिसतोय. क्लार्कने २००३ च्या लेखात ब्रिटनमधल्या आकडेवारीवरून मांडलंय की आजूबाजूला किंवा घरातच बेरोजगारी जास्त असेल तिथे स्वतःची बेरोजगारी कमी बोचते. सगळे कामाला जात असतील तिथे रिकामा माणूस एकटा पडतो. त्या सभागृहात मी एकटा होतो.

आमच्या जिन्यातल्या एका आजोबांची कथा याहून बोलकी आहे. साठीच्या आत कारखान्यातून कमी झाले, तेव्हापासून कोणाशी बोलत नसत. पेन्शन सुरू झाली त्या आठवड्यात ते केक घेऊन दारोदार फिरले. घर तेच, दिवस तसाच, पैसेही काही वाढले नव्हते. फक्त आता त्यांना बेरोजगार न म्हणता निवृत्त म्हणणार होते. क्लेमेन्स हेत्श्को, आंद्रेआस क्नाबे आणि रॉनी श्योब यांनी २०१४ साली जर्मन आकडेवारीत नेमकं हेच दाखवलं: बेरोजगार माणूस निवृत्त झाला की त्याचं समाधान चटकन वर येतं, नोकरीतून निवृत्त होणाऱ्याचं जवळपास जागेवरच राहतं.

मला नंतर नोकरी मिळाली, चांगली मिळाली. तरी साहेबांनी अचानक बैठक बोलावली की हात गार पडतात. २००४ साली रिचर्ड लुकास, क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ हजार जर्मन लोकांची पंधरा वर्षांची माहिती तपासली होती. पुन्हा काम मिळाल्यावरही लोक सरासरीने आधीच्या समाधानाला पूर्ण पोचले नव्हते.

आता माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारंही सांगायला हवं. विंकेलमान यांनी फक्त पुरुष घेतले होते, आणि तेही भत्ता मिळणाऱ्या देशातले. जिथे पगार थांबला की किराणा थांबतो तिथे पैसा गौण आहे असं मी म्हणणार नाही. शिवाय क्नाबे आणि श्योब यांचाच २०१० चा एक लेख म्हणतो की बेरोजगारांचा रोजचा दिवस, तासातासाने विचारलं तर, नोकरदारांपेक्षा वाईट जात नाही. हिशेब एकूण आयुष्याचा विचारला की ते कोसळतात. म्हणजे तुमचे पहिले दोन महिने खरंच मजेत जाऊ शकतात. मला ते जमलं नाही.

तर सुट्टी समजून बसू नका. तुम्ही गेला नाहीत तर कोणाचं तरी अडेल असं एक काम रोजचं ठेवा, फुकटचं असलं तरी चालेल. घरच्यांना पैशांचा हिशेब दाखवत बसू नका, त्यांना तो आधीच पटलेला असतो. आणि तुमच्या घरी कोणी रिकामा बसला असेल तर त्याला किती पैसे मिळतात ते विचारू नका, सोबत कामाला न्या.

दादा, हे उत्तर मी तुलाही पाठवणार आहे. तेल्याच्या त्या वर्षी तुझं पीक गेलं, पैसे गेले, हे मी नाकारत नाही. पण फवारणीची माणसं आली म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हा मी खिडकीत फोन धरून तसाच उभा होतो, आणि मला कुठेही जायचं नव्हतं.