टाक्यांतून पू आलाय, मग कोड का कापला?

प्रश्न: मी फोंड्याची, घरूनच अमेरिकन हॉस्पिटलच्या चार्टांचं कोडिंग करते, म्हणजे नोंदींतल्या आजारांना ठरलेले कोड लावते. परवाच्या चार्टात पेशंटचं आतड्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेले, नर्सने लिहिलंय टाक्यांतून पू येतोय, कल्चरमध्ये (जंतूंच्या लॅब तपासणीत) स्टॅफ ऑरियस हा जंतू, आणि सर्जनची नोट एवढीच की 'जखम लाल, अँटिबायोटिक चालू, ड्रेसिंग रोज'. मी टी८१.४१ (ऑपरेशननंतरचं वरवरचं इन्फेक्शन) लावला, ऑडिटने कापला. असं का?

उत्तर: ताई, ऑडिटरचं बरोबर आहे हो. पू आपल्याला कितीही दिसला तरी 'इन्फेक्शन' हे निदान आणि ते ऑपरेशनमुळे झालं हा संबंध, दोन्ही ट्रीट करणाऱ्या डॉक्टरनेच लिहायला पाहिजे, नर्सच्या नोटवरून किंवा लॅब रिपोर्टवरून आपण ठरवायचं नाही. जंतू काय, कातडीवर असतातच.

दुसरी गोष्ट, इन्फेक्शन किती खोल गेलंय त्याची. १ ऑक्टोबर २०१८ पासून अमेरिकेच्या आयसीडी-१० या आजारांच्या कोडयादीत टी८१.४ चे तुकडे झाले. कातडी आणि खालच्या चरबीपर्यंत असेल तर ४१, फॅसिया (स्नायूवरचं आवरण) किंवा स्नायूपर्यंत गेलं तर ४२, आत पोटात गळू वगैरे असेल तर ४३, सेप्सिस (इन्फेक्शनमुळे शरीरभर गंभीर परिणाम) झाला तर त्याला ४४ वेगळा जोडायचा. डॉक्टरने नुसतं 'ऑपरेशननंतरचं इन्फेक्शन' लिहून सोडलं तर ४०, तुमच्या चार्टात तर तेवढंही नाही!

म्हणून आधी क्वेरी टाका, म्हणजे डॉक्टरलाच खुलासा विचारा, पण 'सुपरफिशियल (वरवरचं) इन्फेक्शनच ना?' असं तोंडात घालून विचारू नका. पू, कल्चर, औषध हे तारखेसकट मांडा, निदान काय, ऑपरेशनशी संबंध आहे का, किती खोल असं विचारा, 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हे पर्यायही ठेवा. उत्तरात स्टॅफ ऑरियसच लिहून आला तर जोडीला बी९५.६१, एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ ऑरियस) असेल तर बी९५.६२.

बऱ्याच जणांचा घोळ होतो तो कोडच्या सातव्या अक्षराचा, पेशंट दुसऱ्यांदा आला की लगेच 'डी' (नंतरची भेट) लावतात. इन्फेक्शनवर अजून उपचार चालू असतील तर 'ए' हेच अक्षर, मग डॉक्टर बदलला तरी. आणि ऑपरेशननंतर ३० दिवसांच्या आतलंच इन्फेक्शन धरायचं हे गणित इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांच्या मोजणीचं आहे, कोडिंगमध्ये तशी मुदत नाही.

सिझेरियनची जखम असेल तर टी८१ कडे जाऊच नका, ती ओ८६.० मध्ये बसते.