'बेझंटबाई'तली बाई

प्रश्न असा आलाय: "जुन्या मराठी लेखनात अ‍ॅनी बेझंट यांचा उल्लेख 'बेझंटबाई' असा दिसतो. यात हेटाळणी आहे का? आज असं लिहावं का?"

हेटाळणी कसली? मुक्ताबाई, अहिल्याबाई, पंडिता रमाबाई यांच्यातली बाई कुणाला टोचत नाही. आडनावाला लागली की मात्र लगेच धुणीभांडी आठवतात! 'आज आमची बाई आली नाही' हे दिवसातून दहादा ऐकायचं आणि शाळेतल्या बाईंना 'मिस' म्हणायचं, मग दुसरं काय होणार?

'बाई' तुर्की 'बे'वरून (म्हणजे बेग, सरदार) आली, असं छातीठोकपणे सांगणारे कोशपंडित आहेत. अहो, तुर्कीत बेगची बेगम होते! बाईचं मूळ आईच्याच आसपास शोधा. दारात बोट चेमटलं की 'आई गं' निघतं, तसंच 'बाई गं'ही निघतं. तेव्हा कुणी सरदारणीला हाक मारत नसतं.

पण खरी गंमत बेझंटबाईंच्या आधीच्या बाईंची. ज्यांचा 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' हा ग्रंथ परीक्षणासाठी हाती आला आणि 1889 मध्ये बेझंट थिऑसॉफीकडे (सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असं मानणाऱ्या पंथाकडे) वळल्या, त्या जन्माने रशियन हेलेना ब्लाव्हाट्स्की. फेब्रुवारी 1879 मध्ये त्या मुंबईत उतरल्या, गिरगावात बिऱ्हाड केलं, कार्ल्याची लेणी पालथी घातली आणि या भटकंतीवर मॉस्कोच्या वर्तमानपत्रात रशियन लेखमाला लिहिली. सही काय? 'राद्दा-बाय'! (टोपणनावाची खोड घरचीच. आई कादंबरीकार, तीही 'झेनेइदा आर-वा' म्हणून लिहायची.)

राद्दा म्हणजे राधा. रशियनमध्ये 'ध' नाही, म्हणून बाईंनी द-ला द जोडून वजन आणलं, असा माझा तर्क. आणि 'बाय'? माझा एक रशियन जाणणारा मित्र म्हणतो, ते लोक 'बाई'चं तसंच करतात. साफ नामंजूर. रशियन लिपीत 'ई' आहे, 'बाई' सरळ लिहिता आली असती. गिरगावात दारावर येणारी कोळीण काय म्हणायची? 'बाय, म्हावरं घे गो.' अख्ख्या कोकणपट्टीत बायच. हा शब्द कोशातून नाही, चाळीच्या जिन्यावरून रशियात गेलाय, आणि हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

हां, बेझंटबाई. लिहा की खुशाल. फक्त परवा एका निमंत्रणपत्रिकेत पाहिलं तसं 'श्रीमती मॅडम बेझंटबाई' नको.