जुनी कॉमिक्स पिवळी पडतात, तेव्हा

प्रश्न : प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवूनही जुनी कॉमिक्स पिवळी पडताहेत, पिनाही गंजल्यात. काय करावे?

उत्तर : दोष कागदाच्या पोटातच आहे. ही कॉमिक्स बहुधा स्वस्त न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर छापली जात. त्यातले लिग्निन हे लाकडातले द्रव्य हवा-उजेडाने तपकिरी होते, आम्ल तयार होते आणि पान ठिसूळ पडते. गेलेला रंग परत येत नाही. ब्लीचच्या वाटेला जाऊच नका. ऱ्हासाचा वेग मात्र कमी करता येतो. वास मारणारी पीव्हीसीची पिशवी आधी काढा. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या, मागे आम्लरहित पुठ्ठा घाला आणि अंक अंधारात उभे ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी.

गंजलेली पिन ओढू नका, मधले पान सुटते. डाग पसरत असेल तरच तिचे पाय आतून बोथट पात्याने सरळ करून ती काढा आणि जुन्याच भोकांतून स्टेनलेस स्टीलची पिन घाला. सेलोटेप अजिबात नको. त्याचा गोंद कागदात मुरतो.

वारंवार वाचायचे असेल तर स्कॅन करा : ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० बिंदू), पानामागे काळा कागद, म्हणजे पाठची छपाई उमटत नाही. छपाईतले रंगांचे ठिपके मात्र सॉफ्टवेअरने गुळगुळीत करू नका. अर्धी गंमत त्यांच्यातच असते.