मे महिन्यात ट्रेलर घेऊन कुलू-मनाली: आधी मुक्कामाच्या जागा ठरवा, मग किलोमीटर

तुमचा बेत वाचला. बोरिवलीची चार कुटुंबं, चार गाड्या, त्यातल्या दोन गाड्यांच्या मागे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची राहण्या-झोपण्याची सोय. मेच्या सुट्टीत उदयपूर, जयपूर करत मनालीला जायचं, रोज साधारण ५०० किलोमीटर कापायचे आणि चारही गाड्या सतत एकामागे एक ठेवायच्या. जरूर जा. पण रोजचे ५०० किलोमीटर आणि चौघांनी एका रांगेत चालायचं, हे दोन हट्ट आत्ताच सोडा.

ट्रेलर जोडलेला असताना ताशी ७०च्या वर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. चहा, डिझेल, टोल, मुलांचे थांबे धरले की सरासरी ४५-५० पडते. म्हणजे ५०० किलोमीटरला दहा-अकरा तास, आणि दमलेल्या माणसाने अंधारात अनोळखी आवारात ट्रेलर रिव्हर्स घ्यायचा. यातच भिंती आणि टेललाइट फुटतात. म्हणून नियोजन उलटं करा. आधी रात्रीची जागा पक्की करा, मग तिथे दुपारी एक-दोनपर्यंत पोचता येईल एवढंच अंतर ठेवा. सुरत, अहमदाबाद, उदयपूर, किशनगढ हे टप्पे अडीचशे-तीनशेच्या आतबाहेर बसतात.

हॉटेलवाल्याला फोनवर 'पार्किंग आहे का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'लग्नाची मोठी बस आत येऊन वळते का?' असं विचारा. मग तो खरं सांगतो, फाटक किती रुंद आहे आणि विजेच्या तारा किती खाली आल्यात तेही सांगतो.

घरून पहाटे चारला निघा. दहिसर, घोडबंदर आणि वर्सोव्याचा पूल उजाडायच्या आत मागे पडला पाहिजे. मेंढवण खिंडीत उताराला आधीच खालचा गिअर टाका. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, त्यामुळे ट्रेलरच्या कपाटात एकही बाटली नको. हे चौघांनाही स्पष्ट सांगा. शामळाजीनंतर रतनपूर, खेरवाडा, ऋषभदेव हा डोंगराळ पट्टा लागतो आणि तिथे मार्बलचे ट्रक भरपूर असतात. मोठा ट्रक जवळून पुढे गेला की हवेच्या झोताने ट्रेलर डोलतो. अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा, वेग उतरला की डोलणं थांबतं.

डोलण्याचं मूळ बहुतेक वेळा सामान भरण्यात असतं. जड वस्तू ॲक्सलच्या (चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) वर आणि किंचित पुढे, तळाशी ठेवा. हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतो त्या गोळ्यावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार यावा, पण तो तुमच्या गाडीच्या मर्यादेत हवा. मागचा भाग जड झाला की डोलणं आलंच. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेव्हा टाकी मुक्कामावर भरा, वाटेत पिण्यापुरतं ठेवा. गॅसचा सिलिंडर चालत्या प्रवासात बंद.

मेमध्ये राजस्थानात पारा ४५ला टेकतो, म्हणून टायरकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. दुपारी आकडा वाढलेला दिसेल, पंक्चरवाला 'थोडी कमी करू' म्हणेल. करू देऊ नका, कमी हवेचा टायर जास्त तापतो. प्रत्येक थांब्यावर उतरल्या उतरल्या ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हाताची मागची बाजू न्या. दोन्हीकडे सारखीच ऊब लागली तर ठीक. एका बाजूची धग दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. तिथेच मेकॅनिक शोधा, 'पुढच्या गावात बघू' नको. ट्रेलरची स्टेपनी वेगळी लागते, गाडीची बहुतेकदा बसत नाही.

चार गाड्यांची रांग हायवेवर टिकत नाही. मध्ये ट्रक शिरतात आणि मागचा माणूस गाठायच्या नादात नको तिथे ओव्हरटेक करतो. दोन जोड्या करा. प्रत्येक जोडीत ट्रेलरवाला पुढे, बिनट्रेलरची मोकळी गाडी मागे. डोलणारा ट्रेलर, उघडं राहिलेलं दार, बसलेला टायर हे मागच्यालाच आधी दिसतं. दोन्ही जोड्यांनी ठरलेल्या पंपावर भेटायचं, वाटेत एकमेकांना शोधायचं नाही.

पंजाबातल्या किरतपूरपासून हिमाचलात जाणारा रस्ता आता बराच सुधारलाय, बोगदेही झालेत, पण मंडीच्या पुढे पंडोह ते औट या पट्ट्यात दरडी येतात. तो सकाळी पार करा. ट्रेलर कुलूच्या आसपासच लावा, मनालीत नेऊ नका. मेच्या गर्दीत तिथे साधी गाडी वळत नाही. पुढे ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा, पलीकडे सिस्सू, हे सगळं मोकळ्या गाड्यांनी एका दिवसात होतं. रोहतांग खिंडीत (३,९७८ मीटर) जायचं तर परमिट आधी काढावं लागतं.

ट्रेलरचं स्वतंत्र रजिस्ट्रेशन आणि विमा बरोबर ठेवा, प्रत्येक राज्यात विचारतात. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: दोन्ही ट्रेलरना स्वतःचे ब्रेक आहेत का, आणि भरल्यावर वजन किती होतं? वजनकाट्यावर नेऊन आकडे इथे टाका. ब्रेक नसतील तर मी तुम्हाला ट्रेलर उदयपूरपर्यंतच न्यायला सांगेन; डोंगरातले उतार गाडीच्या ब्रेकवर काढायचे नाहीत.